गच्चीवरून लघुग्रह: संध्याकाळच्या आकाशातला मंद ठिपका कसा ओळखायचा

२०२५च्या सुरुवातीला '२०२४ वायआर४' या लघुग्रहाने काही आठवडे बातम्या व्यापल्या होत्या. २०३२च्या डिसेंबरात तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता एका टप्प्यावर तीन टक्क्यांच्या वर गेली, आणि निरीक्षणं वाढत गेली तशी जवळजवळ शून्यावर आली. त्याच वर्षी जूनमध्ये चिलीतल्या रुबिन वेधशाळेने जेमतेम दहा तासांच्या छायाचित्रांतून २,१०४ नवे लघुग्रह वेचून दाखवले. अशी बातमी आली की एक प्रश्न हमखास येतो: आमच्या गच्चीवरून यातलं काही दिसेल का?

दिसेल. आठ इंची दुर्बीण असेल तर मुंबईतूनही डझनभर लघुग्रह आवाक्यात येतात. अडचण वेगळीच आहे. दुर्बिणीत लघुग्रह समोर असतो आणि तरी कळत नाही की तोच आहे. सगळी मेहनत ओळख पटवण्याची.

## आधी पत्ता

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या जागेत, पृथ्वी सूर्यापासून जितकी दूर आहे त्याच्या साधारण २.१ ते ३.३ पट अंतरावर लघुग्रहांचा मुख्य पट्टा आहे. आजवर चौदा लाखांहून अधिक लघुग्रह नोंदले गेले आहेत, त्यातले बहुसंख्य इथले. सिनेमात यानं या पट्ट्यातून दगड चुकवत जातात ती निव्वळ करमणूक. पट्ट्यातला सगळा माल गोळा केला तरी आपल्या चंद्राच्या तीन-चार टक्केच भरेल, आणि तो अफाट जागेत विखुरलेला आहे.

'वायआर४' या पट्ट्यात राहत नाही. त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला छेदते, म्हणून त्याची काळजी. मुख्य पट्ट्यातली मंडळी आपापल्या वाटेने सूर्याला फेऱ्या घालतात आणि आपल्याजवळ फिरकत नाहीत. मात्र ती वर्षानुवर्षं ठरल्या वेळी ठरल्या जागी सापडतात, त्यामुळे हौशी निरीक्षकाला तीच बरी.

यातला पहिला, सेरेस, १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मोला जुझेप्पे पियाझी यांना सापडला. ते लघुग्रह शोधत नव्हते, ताऱ्यांची यादी करत होते. एका ठिपक्याची जागा दुसऱ्या रात्री जुळेना, एवढंच त्यांच्या लक्षात आलं. पुढच्या वर्षी विल्यम हर्शेल यांनी या वस्तूंना 'अ‍ॅस्टरॉइड' म्हणजे 'ताऱ्यासारखे' हे नाव सुचवलं. आपण त्यांना लघुग्रह म्हणतो ते अर्थाने बरोबर, पण दुर्बिणीला डोळा लावणाऱ्याला हर्शेल यांचा शब्द जास्त पटेल. गुरूची तबकडी दिसते, शनीची कडी दिसतात. लघुग्रह मात्र हुबेहूब मंद ताऱ्यासारखा.

कारण साधं आहे. साठेक किलोमीटरचा लघुग्रह आपल्यापासून साडेबावीस कोटी किलोमीटरवर असतो. सीएसएमटीवर उभं राहून लोणावळ्यापुढच्या कामशेतला ठेवलेलं एक रुपयाचं नाणं पाहावं, तेवढा त्याचा आकार. कुठल्याही घरगुती दुर्बिणीत त्याची तबकडी दिसणार नाही, वर्धन कितीही वाढवा.

## समुद्रातले दिवे

रात्री वरळी सी फेसवर उभं राहून समुद्राकडे पाहिलं तर लांबवर दिव्यांचे ठिपके दिसतात. नांगर टाकलेलं जहाज कोणतं, घराकडे निघालेली मच्छीमारांची होडी कोणती, हे ठिपक्याकडे टक लावून कळत नाही. दहा मिनिटांनी पुन्हा पाहायचं. ज्याची शेजाऱ्यांमधली जागा बदलली ती होडी.

लघुग्रहाचं तंत्र हेच, फक्त दहा मिनिटांऐवजी एक-दोन दिवस. आज ठिपक्यांचं चित्र काढायचं, परवा पुन्हा काढायचं, दोन्ही शेजारी ठेवायची. पियाझींनी अजाणता केलं ते आपण जाणूनबुजून करतो.

## 'प्रत' आणि मद्रासचा खगोलशास्त्रज्ञ

पुढे जाण्याआधी एक शब्द पक्का करू. आकाशातल्या वस्तूचं तेज 'प्रती'त मोजतात आणि ही मोजणी उलटी चालते: आकडा मोठा तितकी वस्तू मंद. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभर पटींचा फरक, आणि एका प्रतीचा म्हणजे साधारण अडीच पटींचा. काळ्याभोर आकाशात नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात.

हे शंभर पटींचं गणित १८५६ मध्ये नॉर्मन पॉगसन यांनी बसवून दिलं. हेच पॉगसन पुढे मद्रासच्या वेधशाळेत सरकारी खगोलशास्त्रज्ञ म्हणून आले आणि १७ एप्रिल १८६१ रोजी तिथून त्यांनी एक लघुग्रह शोधला. आशिया खंडातून शोधला गेलेला तो पहिला, म्हणून नाव '६७ एशिया'. चांगल्या संधीत तो दहाव्या-अकराव्या प्रतीच्या आसपास पोचतो. तुमच्या गच्चीसाठी नेमकं हेच आव्हान योग्य आहे.

अर्थात पहिलाच प्रयत्न एशियावर करू नका. आधी वेस्टा. सव्वापाचशे किलोमीटरचा हा लघुग्रह पट्ट्यातला सगळ्यात तेजस्वी. त्याची संधी दर सोळा-सतरा महिन्यांनी येते, आणि तेव्हा तो सहाव्या प्रतीच्या आसपास असल्याने मुंबईतून साध्या ५० मिलिमीटरच्या बायनॉक्युलरमध्येही सापडतो. त्यावर नकाशा वाचायची सवय होते. मग सेरेस, मग एशियासारखे.

## संध्याकाळच्या सोयीची किंमत

लघुग्रह सर्वांत चांगला दिसतो तो प्रतियुतीला, म्हणजे सूर्य एका बाजूला, लघुग्रह बरोबर विरुद्ध बाजूला आणि मध्ये आपण. तेव्हा तो सूर्यास्ताला उगवतो आणि मध्यरात्री डोक्यावर येतो. दुसऱ्या दिवशी सकाळची लोकल पकडायची असेल तर ही वेळ गैरसोयीची. एक महिना थांबलात तर तोच लघुग्रह दोन-सव्वादोन तास लवकर उगवतो आणि जेवणाच्या वेळेआधी निरीक्षण आटोपतं.

पण ही सोय फुकट नाही. दोन गोष्टी हातच्या जातात.

पहिली, तेज. पृथ्वी पुढे निघून जाते तसं अंतर वाढतं. शिवाय प्रतियुतीला लघुग्रहाच्या खडबडीत पृष्ठभागावरच्या सावल्या दगडांच्या मागे लपलेल्या असतात. उन्हाची दिशा जरा तिरकी झाली की त्या दिसू लागतात आणि एकूण उजेड घटतो. अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा नव्हे तर साधारण दहावा भागच उजेड देतो, त्यातही या सावल्यांचा मोठा हात आहे. पट्ट्याच्या मध्यावरचा लघुग्रह महिन्याभरात साधारण निम्म्या तेजावर येतो आणि तीन महिन्यांत पाचव्या भागावर.

दुसरी, चाल. पंचांगातले वक्री, स्तंभी, मार्गी हे शब्द इथे जसेच्या तसे लागू पडतात. दादरहून ठाण्याकडे निघालेली फास्ट लोकल शेजारच्या स्लोला ओलांडते, तेव्हा खिडकीतून स्लो गाडी मागे जाताना दिसते. प्रतियुतीच्या सुमारास आतल्या कक्षेतली वेगवान पृथ्वी लघुग्रहाला अशीच ओलांडते आणि तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर पश्चिमेकडे, वक्री सरकतो. एका अंशाच्या ६० कला धरल्या तर चंद्राची रुंदी साधारण ३० कला. ओलांडण्याच्या दिवसांत लघुग्रह रोज १३-१४ कला सरकतो. महिन्याभराने रोज सातेक. दीड महिन्याच्या सुमारास तो स्तंभी होतो, म्हणजे जवळजवळ थांबतो, आणि मग मार्गी लागतो.

जो ठिपका हलण्यावरूनच ओळखायचा, तो नेमका सोयीच्या काळात थांबायला लागतो! म्हणून प्रतियुतीनंतर तीन-चार आठवडे हा मधला मार्ग धरा. रात्री नऊच्या सुमारास लघुग्रह चांगला वर आलेला असतो, तेज पुरतं उतरलेलं नसतं आणि दोन दिवसांत तो पंधराएक कला तरी हलतो.

## पण मुंबईत तारेच दिसत नाहीत, त्याचं काय?

रास्त शंका. आकडे मांडून पाहू. उपनगरातल्या बऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांना तिसऱ्या प्रतीपर्यंत दिसतं. अंधारात डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. २०० मिलिमीटरचा, म्हणजे आठ इंची आरसा तिच्या सुमारे आठशे पट प्रकाश गोळा करतो, म्हणजे सव्वासात प्रतींचा फायदा. तीन अधिक सव्वासात, झाले सव्वादहा.

पुढची युक्ती वर्धनाची. तारा आणि लघुग्रह हे बिंदू. वर्धन वाढवलं तरी ते बिंदूच राहतात, तेज टिकतं. आकाशाचा करडा उजेड मात्र पसरट असल्याने वर्धनाबरोबर पातळ होतो. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरचा आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, लावला तर वर्धन ४८ पट, १०चा लावला तर १२० पट. या एका बदलाने पार्श्वभूमीचा उजेड सहा पटींनी घटतो आणि आणखी साधारण एका प्रतीचे तारे वर येतात. शहरात कमी वर्धनावर 'रुंद दृश्य' पाहत बसणारे म्हणूनच हात हलवत परततात.

आपल्या आकाशाची परीक्षा हिवाळ्यात वृषभ राशीतल्या कृत्तिका या तारकापुंजावर करावी. कृत्तिका नुसता धुरकट डाग दिसल्या तर तिसऱ्या प्रतीच्या आसपास आहात. चार तारे सुटे दिसले तर जवळपास चौथी, सहा मोजता आले तर सव्वाचार. एका प्रतीचा फरक म्हणजे काय, ते मुंबईहून वांगणी-नेरळकडच्या अंधाऱ्या आकाशाखाली गेल्यावर कळतं.

मुंबईच्या अक्षांशाचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. आपण १९ अंश उत्तरेला. लघुग्रह वृषभ किंवा मिथुन राशीत असेल तर तो जवळजवळ डोक्यावरून जातो. तिथे हवेचा थर सर्वांत पातळ आणि दिव्यांचा उजेडही सर्वांत कमी. क्षितिजापासून ३० अंशांवर आलात की हवेचा थर दुप्पट होतो आणि मुंबईच्या धुरकट हवेत अर्धी प्रत सहज जाते. त्याच्या खाली प्रयत्नच करू नये, मग समोर समुद्र का असेना.

ऋतूंचं सांगायचं तर जून ते सप्टेंबर विसरा. पाऊस ओसरल्यावरच्या ऑक्टोबरमधल्या धुतलेल्या हवेच्या रात्री उत्तम. डिसेंबर-जानेवारीत ढग नसतात, पण धूर खाली बसून राहतो. सूर्यास्तानंतर संधिप्रकाश पुरता मावळायला आपल्याकडे सव्वा तास लागतो. डिसेंबरात साडेसातला, मेमध्ये साडेआठला सुरुवात करा.

आणि चंद्र. संकष्टीचा उपास चंद्रोदयाला सोडणाऱ्या घरांना वेगळं सांगायला नको की त्या दिवशी चंद्र नऊच्या पुढेमागे उगवतो. संकष्टीच्या दुसऱ्या दिवसापासून शुद्ध चतुर्थीपर्यंतच्या संध्याकाळी आपल्या. बाकीच्या चंद्राच्या.

## नकाशा: इथेच बहुतेकांचं चुकतं

स्टेलेरियम हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे, पण तीन गोष्टी तपासा. लघुग्रहाची कक्षेची माहिती ताजी करून घ्या. जुन्या आकड्यांवर काढलेली जागा काही कलांनी चुकू शकते आणि मग तुम्ही भलत्याच ताऱ्याला लघुग्रह म्हणता. ताऱ्यांच्या पुढच्या याद्या डाउनलोड करा, कारण सुरुवातीला मिळणारी यादी आपल्याला हव्या त्या मंद ताऱ्यांपर्यंत पोचत नाही. आणि नकाशाची मर्यादा लघुग्रहापेक्षा एक प्रत पुढे ठेवा. लघुग्रह अकराव्या प्रतीचा असेल तर नकाशा बाराव्यापर्यंत हवा. दहाव्यापर्यंतच ठेवलात तर नकाशात नसलेला प्रत्येक तारा 'सापडला!' वाटेल. सोळाव्यापर्यंत नेलात तर ठिपक्यांच्या रानात वाट हरवेल.

जागेचे आकडे नासाच्या होरायझन्स सेवेतून किंवा लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरकडून घेतले तर वेळ सांभाळा. तिथली वेळ जागतिक असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्रीचे साडेआठ म्हणजे तिथले १५:००. हे विसरलात तर प्रतियुतीजवळ तीन कलांची चूक होते, आणि १२० पट वर्धनाखाली तीन कला म्हणजे चुकीचा तारा.

शेवटचं, दिशा. डॉब्सोनियनमध्ये, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरच्या आरशाच्या दुर्बिणीत, चित्र अर्ध्या फेरीने फिरलेलं दिसतं, म्हणजे कागद उलटा धरला की काम भागतं. तिरका आरसा लावलेल्या भिंगाच्या दुर्बिणीत मात्र डावं-उजवं बदलतं. कागद कितीही फिरवा, जुळणार नाही, नकाशाच आरशातल्यासारखा छापावा लागतो. शंका आली तर दुर्बीण स्थिर सोडा. तारे ज्या कडेने बाहेर जातात ती पश्चिम.

## गच्चीवर, क्रमाने

सोसायटीच्या सेक्रेटरीकडून गच्चीची किल्ली आधीच मागून ठेवा. ग्रहस्थितीपेक्षा ही परवानगी कठीण. दुर्बीण एसीच्या खोलीतून थेट दमट गच्चीवर नेली तर आरशावर बाष्प धरतं, आणि ते पुसायचं तर मुळीच नाही. दुपारपासून ती बिनएसीच्या खोलीत ठेवा, गच्चीवर पाऊण तास उघडी ठेवा. तापलेल्या काँक्रीटची आणि एसीच्या बाहेरच्या युनिटांची गरम हवा प्रतिमा थरथरवते, त्यापासून दूर बसा. लिफ्टच्या मशीनरूमलगत नको, हादरे येतात. जिन्यातून वर आणताना आरसे हलतात. एखाद्या तेजस्वी ताऱ्याला शेपूट फुटलेलं दिसलं तर आरसे पुन्हा जुळवा.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलकडे एकदा पाहिलं की ती गेली. नकाशा कागदावर, विजेरीला लाल जिलेटिन. समोरच्या टॉवरचे दिवे अंगावर येत असतील तर डोक्यावरून काळं कापड घ्या. शेजारी विचित्र बघतील, बघू देत.

आता डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यापासून सुरुवात. फाइंडरमध्ये, म्हणजे नळीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीत, साधारण पाच अंशांचा तुकडा दिसतो. त्यात नकाशातले त्रिकोण आणि रेषा ओळखत पुढे सरका. २५च्या आयपीसमध्ये सुमारे एक अंश दिसतो, त्यात लघुग्रहाचा शेजार पक्का करा. मगच १०चा आयपीस. बरोबर डोक्यावर डॉब्सोनियन आडवी फिरवणं जवळपास अशक्य होतं, म्हणून लक्ष्य ६० ते ७५ अंशांवर असताना गाठा.

जागा सापडली पण ठिपका दिसत नाही? थेट पाहू नका. नजरेचा मध्य अंधारात आंधळा असतो, कडेचा भाग तीक्ष्ण. उजव्या डोळ्याने पाहत असाल तर नजर लक्ष्याच्या किंचित उजवीकडे ठेवा, म्हणजे ठिपका नाकाच्या बाजूला पडेल. उलट केलंत तर तो डोळ्याच्या आंधळ्या बिंदूवर जाऊ शकतो. नळीला बोटाने हलकी टिचकी मारा. हलणारा मंद ठिपका डोळा लवकर पकडतो.

मग कागदावर वर्तुळ, त्यात आधी तीन-चार तेजस्वी तारे, नंतर त्यांच्यामधले मंद. नकाशात लघुग्रह कुठे आहे ते विसरून, दिसतं तेवढंच काढा. तारीख आणि वेळ लिहा. दोन दिवसांनी तीच जागा, तोच आयपीस, नवं वर्तुळ.

## अ‍ॅप जागा सांगतंच, मग चित्रं कशाला काढायची?

अ‍ॅप सांगतं ते गणित. समोरचा ठिपका तोच आहे याची हमी अ‍ॅप देत नाही. आपोआप लक्ष्यावर वळणारी दुर्बीणही फार तर योग्य मोहल्ल्यात सोडते, दारावरची पाटी वाचून दाखवत नाही. आयपीसमध्ये दिसणाऱ्या त्या जेमतेम अर्ध्या अंशाच्या तुकड्यात बाराव्या प्रतीचा एखादा तारा असतोच. त्यात रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारे तारे असतात. कालच्या यादीतला मंद तारा आज उजळलेला असू शकतो. जागा बदलली, आणि बदललेली जागाही गणिताशी जुळली, तरच तो लघुग्रह.

## आणि कॅमेरा?

कॅमेरा शहरात डोळ्यापेक्षा दोन-तीन प्रती पुढे जातो, कारण आकाशाचा उजेड नंतर वजा करता येतो. दुर्बीण ताऱ्यांच्या मागे फिरणारी असली तर दहा-दहा सेकंदांचे साठेक फोटो घ्या, एकावर एक रचा, तास-दीड तासाने पुन्हा तेच करा आणि दोन्ही प्रतिमा आलटून पालटून पडद्यावर दाखवा. तारे जागच्या जागी, एक ठिपका टुणकन उडतो.

फसवणूक दोन प्रकारची. सेन्सरवरचा सदोष बिंदू हलल्यासारखा वाटतो, कारण चौकट सरकते आणि तो सेन्सरशी चिकटलेला असतो. म्हणून मध्ये मध्ये दुर्बीण थोडी सरकवत राहायचं, म्हणजे रचताना तो गळून पडतो. दुसरी, खूप वेळचे फोटो एकत्र रचले तर लघुग्रहाची रेघ होते आणि मंद असेल तर ती आकाशात विरघळते. एका रचनेत दहा-पंधरा मिनिटांच्या पुढे जाऊ नका. सेकंदात चौकट पार करणारा ठिपका उपग्रह, त्याच्यामागे धावू नका.

दोन्ही वर्तुळं शेजारी ठेवून काहीच हललेलं दिसलं नाही तर आधी प्रतियुतीची तारीख बघा. दीड महिना उलटला असेल तर तो स्तंभी आहे, आठवडाभर थांबून पुन्हा पाहा. तारीख बरोबर असेल तर चुकीचं मैदान धरलं होतं, फाइंडरपासून पुन्हा सुरुवात. आणि पहिल्या चित्रात होता तो ठिपका दुसऱ्यात नुसता गायब असेल, नव्या जागी काही नसेल, तर नवी जागा एखाद्या तेजस्वी ताऱ्याला खेटून पडली असण्याची शक्यता जास्त. उद्या रात्री तो त्याच्यापासून पुरेसा दूर गेलेला असेल.